शेवटचा पांढरा झगा

मेकअपच्या खोलीत मावशींनी तिसरा झगा नानांच्या पुढ्यात आपटला. "बघा तुमचे पराक्रम! कॉलरला डाग, बाहीला डाग. पाठीवर तर आख्खा पंजा उमटलाय!"

मेकअप करणाऱ्या नानांनी रंगाने माखलेले हात पाठीमागे लपवले. पंजा त्यांचाच होता.

चित्रपट होता एका कॅथलिक ननच्या आयुष्यावर. चाळीस वर्षं गरिबांचा दवाखाना चालवून त्या सिस्टर गेल्या होत्या आणि त्या होत्या चांगल्या काळ्यासावळ्या. निर्मात्याने नायिका मात्र घेतली दुधासारखी गोरी. मठाने चित्रीकरणाला जागा दिली ती एकाच अटीवर, की पडद्यावर आमच्या सिस्टर आमच्याच वाटल्या पाहिजेत. आज मठाच्या वृद्ध मदर स्वतः बघायला येणार होत्या. त्या नाही म्हणाल्या की गाशा गुंडाळायचा. "त्यात काय, नाना रंगवतील," निर्माता म्हणाला आणि जाता जाता पुढे म्हणाला, "नाही जमलं तर नानांनी उद्यापासून यायचं नाही."

वर्षभर घरी बसल्यावर नानांना हे काम मिळालं होतं. बिचाऱ्यांनी जीव ओतून रंग कालवला. पण दिव्यांखाली नायिकेला घाम फुटे, घामाबरोबर रंग ओघळे आणि थेट झग्यावर जाऊन बसे. कपड्यांचं खातं सांभाळणाऱ्या मावशींचे चारांपैकी तीन झगे असे कामातून गेले.

"आता हा एकच उरला. याच्यावर तुमची सावलीसुद्धा पडू देणार नाही मी!"

"अहो, पण ठेवणार कुठे?" नानांनी भीत भीत विचारलं.

प्रश्न रास्त होता. हँगर, खुर्ची, दाराची कडी, सगळीकडे नानांची तपकिरी बोटं उमटली होती. मावशींनी खोलीभर नजर फिरवली आणि झगा सरळ स्वतःच्या अंगात चढवला. डोक्यावरचं वस्त्रही बांधलं. "शॉट लागेपर्यंत इथेच राहील. बघते कोण हात लावतंय!"

तेवढ्यात दिग्दर्शक धापा टाकत आला. "नाना, मदर आल्या! तासभर आधीच!"

नायिकेचा एक गाल सावळा झाला होता, दुसरा गोराच होता. "मला खाज सुटलीये," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. नाना घाईघाईने वळले, कोपर लागलं आणि रंगाचं भांडं मावशींच्या दिशेने कलंडलं. मावशींनी टुणकन उडी मारली. झगा वाचला, पण त्यांचा तोल सुटला.

"डोळे आहेत का बटणं? आणि एवढ्या मोठ्या जगात तुम्हाला एक सावळी बाई मिळाली नाही? भिंत रंगवावी तशी पोरीला रंगवताय! पांढऱ्या कपड्याची किंमत धुणाऱ्याला विचारा!"

बोलता बोलता त्यांनी आपले सावळे हात कमरेवर ठेवले आणि दाराकडे पाहिलं. दारात काठी टेकून मदर उभ्या होत्या. मागे निर्माता, पांढराफटक पडलेला. संपलं सगळं, नानांच्या मनात आलं.

मदर मावशींकडे बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. "हुबेहूब!"

"रंग जमलाय ना, मदर?" निर्मात्याने संधी साधली.

"रंग तर आहेच हो. पण ती अशीच उभी राहायची. चादरीवर डाग दिसला की डॉक्टरांनाही सोडायची नाही. तुमच्या कथेत ती सारखी डोळे मिटून हसतेय. वाचून मला वाटलं, ही कोण बाई?" मदरांनी डोळे पुसले. "हिला शोधलंत तरी कुठे?"

"फार हिंडलो, मदर," निर्माता म्हणाला.

"अहो, मी तर कपडे..." मावशींनी तोंड उघडलं, पण दिग्दर्शकाने डोळ्यांनीच हात जोडले.

"मी डॉक्टरणीची भूमिका करते!" नायिकेने तोंड धुवायला सुरुवातही केली होती. "तिला रंग लागत नाही ना?"

मदरांनी परवानगीच्या कागदावर सही केली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, फक्त नानांचा सोडून. रंगच नको तर रंगवणारा कशाला हवा? ते खालमानेने डबा आवरू लागले.

"नाना, कुठे निघालात?" निर्मात्याने हाक मारली. "मावशी नायिका झाल्या. आता कपडे कोण बघणार?"

इतकं हलकं नानांना वर्षभरात वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मठाच्या अंगणात बादलीशी बसून तिन्ही झगे घासत होते. समोर मावशी पांढऱ्या झग्यात, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अहो नाना, पाठीवरचा पंजा राहिलाय अजून!"

नानांनी मुकाट्याने साबण लावला. कोपऱ्यात दिग्दर्शकाने कॅमेरा केव्हाच सुरू केला होता.