एकदिवसीय स्वारीची हकीकत

श्री. विघ्नहर्ता गणराय बसच्या चारी चाकांवर कृपा ठेवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात सहलीची मसलत उभी राहिली, तिची हकीकत येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. प्रजा सारी पेन्शनीवर, दरबार सोसायटीच्या गच्चीवर, आणि मुळापासून नेम ऐसा की, एकानेही नकाराची मान हलविली तर ठराव बुडाला. या नेमापायी मागील साऱ्या सहली जागच्या जागी गारद जाहल्या होत्या. परंतु यंदा कारभारीण शरयूबाईंस जिवाची घाई. कारण की, राज्यातील सर्वांत वडील अनसूयाबाई, ज्यांसी सारे अक्का म्हणत, त्या पौषात लेकीकडे बंगळुरास कायमच्या जाणार, आणि शेंगा सोलता सोलता त्या एकदा बोलून गेल्या होत्या, "शरयू, एकदा नावेत बसून पाण्यात हात घालायचा होता गं. राहिलंच ते." ते शब्द बाईंच्या काळजात रुतले आणि त्यांनी मनोमन विडा उचलिला.

मग दरबार भरला. बाईंनी नदीचा आणि नावेचा विषय काढिला मात्र, देवदर्शन पक्षाचे सेनापती नरहरपंत उठोन गर्जले, "नाव उलटली तर जबाबदार कोण? मला पोहता येत नाही, आणि या वयात शिकायचंही नाही. देवीला चला!" मग हुरडा पक्ष उसळला, मग गुडघे पक्षाने देवीच्या पायऱ्यांस हरकत घेतली, आणि ऐसा कल्लोळ माजला की खालची कुत्री भुंकू लागली. अक्का हळूच बोलिल्या, "राहू दे गं, माझ्यापायी भांडण नको." बाईंचे डोळे भरून आले, परंतु बाई धोरणी. म्हणाल्या, "ठिकाण मागाहून बघू. आधी डबे तर ठरवा!"

आणि काय सांगावे! डबे म्हणताच राज्यात चैतन्य संचरले. तिखटमिठाच्या पुऱ्या कोणी आणाव्या, दहीभात कोणी कालवावा, मग खिडकीच्या जागांवरून तुंबळ युद्ध, मग 'जो आधी चढेल त्याची खिडकी, उठला की गेली' ऐसा तह, आणि मग अंताक्षरीचे गट. नरहरपंत तर खुशीत येऊन बसच ठरवून मोकळे जाहले. गुडघे पक्षसुद्धा जिने दोन दोन पायऱ्यांनी उतरू लागला. या आनंदात ठिकाण ठरवावयाचे राहिले ते राहिलेच, खुद्द बाईंसही विसर पडला.

स्वारीचा दिवस उजाडला. नरहरपंतांनी सर्वांआधी येऊन पुढली खिडकी काबीज केली, मग फौज चढली, डबे चढले, नारळ फुटला, जयघोष जाहला, आणि गाडीवान रमजानभाई मागे वळोन पुसते जाहले, "मंडळी, जायचं कुठं?"

"अगं बाई!" म्हणोन शरयूबाईंनी कपाळास हात लाविला. आता उतरून गच्चीवर भांडण, म्हणजे ही सहलही गेली आणि अक्काही गेल्या, हे त्यांस स्पष्ट दिसले. इतक्यात नजर गेली तो खिडकीवाले सारे दांडे घट्ट धरून बसलेले. बाईंच्या अंगात बळ संचरले. "अक्का, तुम्ही सांगा."

अक्का म्हणाल्या, "नदीवर जाऊ या? नावेत बसायला?"

"ज्यांची हरकत असेल त्यांनी नेमाप्रमाणे गच्चीवर चलावे!" ऐसा बाईंनी पुकार केला. नरहरपंतांनी वर गच्चीकडे पाहिले, मग आपल्या खिडकीकडे पाहिले. "हरकत आहे," ते बोलिले, "पण मी उतरणार नाही."

"ठराव पास! चला रमजानभाई!" आणि ऐसा जल्लोष उठला की रमजानभाईंचा भोंगा ऐकू येईना.

मग नदी आली, नाव आली, आणि अक्का नावेच्या काठाशी बसून पाण्यात हात घालत्या जाहल्या आणि पोरीसारख्या ओरडल्या, "शरयू, गार आहे गं!" बाई हसत होत्या आणि रडतही होत्या. नरहरपंत तीरावर उभे राहून देवीचा धावा करीत होते. अक्कांनी हाक दिली, "पंत, या की! इथं सगळ्याच जागा खिडकीच्या." मग पंत तरंगावयाची दोन जाकिटे चढवून, डोळे मिटून, नावेत दाखल जाहले.

सारांश, मोहीम फत्ते जाहली, आणि नदीत कोणी बुडाले नाही. पौषात अक्का बंगळुरास निघाल्या, तेव्हा सारे राज्य स्टेशनावर लोटले. डब्यात पाहतात तो नरहरपंत आधीच येऊन खिडकी धरून बसलेले. अक्का येताच ते आपण होऊन उठले.