ऑफिस टाइमची बाग

"पाच वाजता? संध्याकाळी पाच?" दिनानाथ मोहिल्यांनी सोसायटीची नोटीस तिसऱ्यांदा वाचली, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचली. वेळ काही बदलली नाही. रविवारी सायंकाळी पाच वाजता सर्व सभासद मोहिले यांच्या दारासमोरील जागेची पाहणी करतील. बाग आढळली तर ठीक, नाहीतर तिथे काँक्रीट टाकून स्कूटर स्टँड होईल. खाली सेक्रेटरी श्यामसुंदर वर्तकांची वेलबुट्टीदार सही होती.

खरं तर अख्ख्या बिल्डिंगमध्ये स्कूटर एकच, वर्तकांची. बाकीच्यांनी बुकिंगसाठी नुसते नंबर लावले होते आणि ते मुलांच्या लग्नापर्यंत लागतील अशी आशा होती. पण न आलेल्या स्कूटरसाठी जागा अडवायला कोणाचीच ना नव्हती.

वाशीतली ती जमीन म्हणजे खाडीचा भराव. तीन वर्षांत दिनानाथांनी तिथे गुलाब मारले, मोगरा मारला, लॉन तर महिनाभरात झाडूसारखं वाळलं. शेवटी ऑफिसातल्या हिरामण शिपायाने डब्याच्या झाकणात चार रसरशीत काड्या आणून दिल्या. "चिनी गुलाब, साहेब. नुसत्या खोचा. पाणी विसरलात तरी चालतंय." आणि काय सांगावं, दोन महिन्यांत त्या खारट मातीवर लाल, पिवळ्या, राणी रंगाच्या फुलांचा गालिचा पसरला. एकच भानगड होती. ही फुलं सकाळी दहाच्या उन्हात उघडत आणि दुपारी दोन-तीनला मिटून मोकळी होत. हिरामणच्या वस्तीत त्यांना 'ऑफिस टाइम'च म्हणत. दिनानाथ सात-चाळीसच्या बसने फोर्टला जाणार, अंधार पडता पडता परतणार. त्यांना स्वतःची बाग फुललेली दिसे ती रविवारी. बिल्डिंगमधल्या बाकीच्या नोकरदारांनी तर तिच्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतं.

"मग सरळ सांगा ना वर्तकांना," त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई म्हणाल्या.

"काय सांगू? माझी बाग हाफ डे करते म्हणून? मिनिट्समध्ये लिहील तो माणूस!"

दिनानाथांनी मग दुसरीच शक्कल लढवली. पाहणी सकाळी अकराला ठेवली तर सर्वांना त्यांच्यातर्फे कांदेपोहे आणि चहा! पाणी येत नाही म्हणून बोलावलं तर तीन टाळकी जमणाऱ्या सोसायटीने तासाभरात एकमताने वेळ बदलली. "चाळीस माणसांचे कांदे कोण चिरणार?" एवढाच प्रश्न वैजयंतीबाईंनी विचारला. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या गावातल्या गोजराबाई अंगण झाडायला आल्या. "उद्या मोठी पाहणी आहे," दिनानाथ पिशवी घेऊन निघता निघता म्हणाले. "तण म्हणून दिसता कामा नये. एकूण एक काढा!" कांदे घेऊन ते परतले तेव्हा काळोख झाला होता, गोजराबाई गेल्या होत्या आणि बाहेरचा दिवा नेहमीप्रमाणे बंद होता. सकाळी त्यांनी मुद्दामच बाहेर डोकावलं नाही. थाटात बरोबर दहाला दार उघडलं.

अंगण लख्ख होतं. इतकं लख्ख की पंगत बसवावी. फूल सोडा, हिरवी काडीसुद्धा नव्हती.

साडेदहाला गोजराबाई कपबश्या विसळायला आल्या. "अहो, माझी बाग कुठाय?" दिनानाथ ओरडले.

"कंची बाग? तुमीच बोललाव ना, एकूण एक काढ म्हनून? ती घोल होती घोल! आमचे शेतान अशीच माजायची."

"घोळाची भाजी? अहो, फुलझाडं होती ती!"

"सांजचे एक तरी फूल होता काय त्याला? भाजीला नेनार होती, पन पाना बारीक. म्हनून फेकली."

कुठे फेकली हे विचारायच्या आत सभासद आले. भुकेले होते, त्यामुळे वेळेआधीच आले. पोह्यांची बशी हातात घेऊन वर्तक त्या मोकळ्या जमिनीकडे पाहत राहिले. "वा मोहिले, काँक्रीटची तयारीच करून ठेवलीत की!"

तेवढ्यात बिल्डिंगच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी हाक मारली. "अहो, इकडे या, इकडे!"

वर्तकांच्या खिडकीखाली स्टँडसाठी आणून टाकलेला मातीचा ढीग होता. त्यावर गोजराबाईंनी फेकलेल्या सगळ्या काड्या पडल्या होत्या आणि झाडून सगळ्या फुलल्या होत्या. आपल्याला उपटलंय हे त्या चिवट जातीच्या अजून ध्यानातच आलं नव्हतं.

"वर्तक, छुपे रुस्तम निघालात! एवढी बाग केलीत आणि बोलला नाहीत?"

वर्तकांनी क्षणभर ढिगाकडे पाहिलं. "छोटासा प्रयत्न, बाकी काही नाही," ते लाजून म्हणाले.

"माझी आहेत ती फुलं!" दिनानाथ किंचाळले. लोक पोह्यांनी भरल्या तोंडाने हसले. बाग वर्तकांच्या देखरेखीखाली ढिगावरच राहावी आणि मोहिल्यांसमोर स्कूटर स्टँड व्हावा, असा ठराव दुसऱ्या वाढपाच्या आत मंजूर झाला. वर त्यांचेच पोहे खाऊन! दिनानाथ घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

साडेतीनला दार वाजलं. बाहेर पांढरेफटक पडलेले वर्तक. "मोहिले, सगळी मेली हो! मी एकच बादली पाणी घातलं फक्त. सकाळी अख्ख्या सोसायटीने कौतुक केलं, आता उद्या कुठल्या तोंडाने फिरू?"

दिनानाथ सावकाश उठले. ढिगापाशी जाऊन त्यांनी वैद्य नाडी बघतो तशी एक काडी बोटांत धरली. बराच वेळ धरली. "अवघड आहे," ते म्हणाले. "पण जागेचाही गुण असतो. माझ्या दारासमोर लावली तर उद्या दहापर्यंत उठवून देईन."

"आणि स्कूटर स्टँड?"

"बघा बुवा. स्कूटर हवी की अब्रू?"

वर्तकांनी इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः चार घमेली वाहिली आणि ठराव रद्द झाल्याचं स्वहस्ते लिहून दिलं. सोमवारी ते अर्धी रजा टाकून नऊपासून खुर्ची मांडून बसले. सव्वादहाला पहिलं पिवळं फूल उघडलं, तसे ते उभे राहिले आणि त्यांनी दिनानाथांच्या बंद दाराला हात जोडले.

संध्याकाळी दिनानाथ शीळ घालत बसमधून उतरले. बाग वाचली होती, जागा वाचली होती. पण अंगण आलं तशी शीळ थांबली. त्यांच्या दारापर्यंत पोचायला वाटच नव्हती. वाळक्या तुळशी, बोडके गुलाब, कोणाचा तरी पिवळा पडलेला मनीप्लँट, डालड्याच्या डब्यातलं लिंबू. सतरा कुंड्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर फ्लॅट नंबरची चिठ्ठी. पलीकडे उंबऱ्यात वैजयंतीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"या, धन्वंतरी," त्या म्हणाल्या. "सकाळी दहापर्यंत सगळी उठलेली हवीत. वर्तकांनी घरोघरी शब्द दिलाय."