ओट्यावरची लाल रेघ

राष्ट्राला पुढे जायचं असेल तर कुणाचा तरी ओटा मागे जावा लागतो. जोगेश्वरीच्या एका गल्लीत हा मान मार्तंड घाडींना मिळाला. रस्ता रुंद करायचा म्हणून सरकारी माणसं आली आणि त्यांच्या ओट्यावर लाल रेघ मारून गेली. रेघेबाहेरचं रस्त्यात जाणार, आतलं घाडींकडे राहणार. (रस्ता करायला मात्र कुणी फिरकलं नाही. रेघ मारणारं खातं वेगळं, रस्ता करणारं वेगळं, आणि एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करण्याइतकी ती असंस्कृत नाहीत.)

कायदा मोठा दयाळू. ओटा गेला तर ओट्याची भरपाई, खोली गेली तर खोलीची, आणि अख्खं घर गेलं तर बदल्यात लिफ्टवाल्या इमारतीत घर. हे घाडींच्या कानांनी ऐकलं आणि त्यांच्या पत्नीच्या, प्रेमावहिनींच्या, गुडघ्यांनी मनावर घेतलं. पोटमाळ्याची शिडी त्यांना आता चढवत नव्हती.

घाडी कोकणातले, तेव्हा गणपतीआधी घराला रंग काढणं आलंच. भिंतींना पिवळा आणि रेघेला लाल, कारण सरकारी वस्तू जपावी. फक्त दर गणपतीला रेघ हातभर आत सरायची. यात लबाडी नव्हती. देशासाठी ओटा द्यायला निघालेल्या माणसाचा उत्साह वाढतच जातो. रेघ उंबरा ओलांडून आली, टीव्हीखालून गेली आणि यंदा मोरीमागच्या भिंतीवर चढली. शेजाऱ्यांचा त्यागही साधारण याच वेगाने मोरीपर्यंत पोचला होता.

अखेर मोजणीला नंदकिशोर साहेब आले. मूळ नकाशा सापडत नव्हता, म्हणून त्यांनी रेघच प्रमाण मानली. वहिनींनी आलं घालून चहा दिला.

"रेघ कधीची?" साहेबांनी विचारलं.

"वीस वर्षं झाली, साहेब. पहिल्यापासून हितेच आहे," घाडी छाती फुगवून म्हणाले.

"आणि ही फरशी?"

"गेल्या वर्षीची. झकास आहे ना?"

"म्हणजे तुम्ही सरकारी रस्त्यावर फरशी घातलीत."

साहेबांनी मग शांतपणे नियम समजावला. रस्त्यात जाणाऱ्या घराला भरपाई असते. वीस वर्षं रस्त्यावर बसलेल्या घराला नोटीस असते. चहा मात्र त्यांना आवडला.

वहिनी मटकन शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. "अहो, लिफ्ट ऱ्हायली," त्या म्हणाल्या, "आता शिडी तरी ऱ्हाऊ दे."

त्या दुपारी नाक्यावरच्या दुकानातला लाल रंग संपला. घाडी आता रेघ परत ओट्याकडे नेत आहेत. सुनावणीपर्यंत ती निदान टीव्हीखाली तरी यावी, अशी त्यांची प्रामाणिक धडपड आहे.

घाडींचं हसू येणं साहजिक आहे. हसून झालं की जरा सावकाश उठा, आणि ज्या बाल्कनीला खिडक्या लावून तुम्ही बेडरूम केलीत, तिथला पंखा बंद करा. साहेब तुमच्याच बिल्डिंगखाली चहा घेत आहेत.