धुडकूनानांचा उलटा आखाडा

रोज सकाळी अकराच्या सुमाराला धुडकूनानांना लकवा मारायचा.

तो चहा येईपर्यंत टिकायचा. जिन्यावर किटलीचा आवाज झाला की नाना ताडकन उठून बसत आणि दोन कप रिचवत. तोवर मात्र खाटेवर आडवे, एक हात लोंबता, तोंड वाकडं. क्विंटलभराचा तो देह, आणि भोवती बोदवड, भुसावळ, पाचोऱ्याकडून आलेल्या, फुंकर मारली तर उडून जातील अशा आठ-दहा पोरी. नाना त्या वाकड्या तोंडानेच ओरडत, "उचला! मी उचलाई गयू तं बठ्ठा खान्देश उचलाई जाई!"

कधीकधी त्यांचा घोटाळा व्हायचा. सकाळी डावी बाजू गेलेली असायची आणि थोड्या वेळाने डाव्याच हाताने ते पाठ खाजवायचे. मग बोदवडची सुजाता कमरेवर हात ठेवून म्हणायची, "नाना, तो हात मेलेला आहे. खाजवायचं असेल तर आम्हाला सांगा." नाना खजील होऊन हात खाली टाकत.

नव्वदच्या सुमाराची ही गोष्ट. जळगावात एका संस्थेने वृद्धसेवेचा सहा महिन्यांचा क्लास काढला होता. खाली टायपिंग, मधल्या मजल्यावर शिवणकाम, आणि सगळ्यात वर, जिथवर कुठलंही म्हातारं माणूस चढू शकलं नसतं, तिथे आम्ही. मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढून नुकतीच निवृत्त झाले होते. ताप, नाडी, औषधं, जखमा हे माझ्याकडे, आणि उचलणं-बसवणं या धुडकू पैलवानांकडे. नाना मूळ धुळ्याचे, तालमीत वाढलेले. त्यांची लायकी एवढीच, की अध्यक्षांचा निखळलेला खांदा त्यांनी एका झटक्यात बसवला होता. मला हे कळलं तेव्हा माझा तिळपापड झाला. नर्सच्या जोडीला पैलवान! उद्या बँडवाला आणाल, म्हणाले मी.

पहिल्याच दिवशी आमची जुंपली. नाना फळ्यासमोर उभे राहून सांगत होते की डोकऱ्या माणसाला रोज मूठभर बदाम, वाटीभर तूप आणि वर शेरभर दूध द्यावं, म्हातारपण पळतं. मी म्हटलं, "त्याला मधुमेह असला, तर म्हातारपणाबरोबर माणूसही पळेल." ते म्हणाले, "शिस्टरबाई, तुमी नाडी धरा, मी मानूस धरस." आहाराचा तास मी त्यांच्याकडून काढून घेतला. तरी येताना पोरींसाठी ते केळ्यांची फणी आणायचेच. उपाशी पैलवान डाव विसरतो, हे त्यांचं शास्त्र, आणि तेवढं मीही मान्य केलं. बोदवडहून पहिल्या गाडीने येणाऱ्या पोरीने घरी काय खाल्लेलं असणार?

पण त्यांचा एक सिद्धान्त मात्र मी आजही सांगते. ते म्हणत, "आखाडाम्हा समोरनानी पाठ जमीनले लावानी. आठे उलटं. आठे पाठ लागू देवानी नही. जो डोकरा पाठवर पडी राह्यना, तो हारना." अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ कशी सोलवटते, कुजते, हे मी वॉर्डात जन्मभर पाहिलं होतं. पोरींना ते मी पुस्तकातून शिकवत होते. नाना ते कुस्तीतून शिकवत होते, आणि त्यांचं शिकवलेलं पोरींच्या अंगात उतरत होतं. कूस वळवायची ती एकेरी पट काढून. खाटेवरून खुर्चीत बसवायचं ते उलटी ढाक लावून. मी त्याला काय म्हणते ते पोरींच्या लक्षात राहिलं नाही. परीक्षेच्या पेपरात दोघींनी "उलटी ढाक" असंच लिहिलं आणि मी मुकाट्याने मार्क दिले.

लोक हसायचे. टायपिंगच्या मुली जिन्यात नाकाला पदर लावायच्या. एका पोरीचा बाप तावातावाने वर आला, म्हणाला, "परक्याची घाण काढायला पोरगी शिकवू का? आणि म्हाताऱ्यांचं करायला शिकावं काय लागतं? घरोघरी सुना आहेत की!" मी तोंड उघडण्याआधी नाना खाटेवरून, लकव्यातूनच बोलले. "तुनी बायको तुनी मायनं करस ना? तिनी कंबर गयी का नही?"  त्याची बायको सहा महिने कंबर धरून चालत होती. "तिले कोनी डाव शिकाडा नही, म्हनीसन गयी," नाना म्हणाले. पोरगी क्लासात राहिली. पुढे तिची आईही दोनदा येऊन बसून गेली.

नानांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे 'बिचारे' हा शब्द. म्हाताऱ्या माणसाला कोणी 'बिचारे' म्हटलं की दहा बैठका, तिथल्या तिथे. आजोबा नाही, आजी नाही, सगळ्यांना हाक एकच, 'पैलवान'. नव्वदीच्या आजीलासुद्धा. पोरी सरावासाठी ओळखीच्या घरी जात तेव्हा तिथल्या आज्या पहिल्यांदा दचकत आणि मग पदराआड हसत. मला आधी हा चावटपणा वाटायचा. पण रोज 'कसं वाटतंय आता' या केविलवाण्या प्रश्नाला कंटाळलेली माणसं 'काय पैलवान, आज दम शे का?' ऐकल्यावर मान वर करायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

हाच नियम आमच्या गळ्याशी आला. अध्यक्ष क्लास पाहायला आले, चार प्रतिष्ठित मंडळी घेऊन. भाषणाच्या ओघात ते 'हे बिचारे वृद्ध' असं एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा खाटेवरच्या नानांनी मेलेला हात वर करून तीन बोटं दाखवली आणि घोषणा केली, "तीन झायात. तीस बैठका." पोरी फिस्सकन हसल्या. अध्यक्षांनी बैठका काढल्या नाहीत, पण जाताना बजावलं, की दिवाळीपर्यंत एका तरी पोरीला काम लागलं नाही तर क्लास बंद. तोवर एकाही घराने पोरगी ठेवून घेतली नव्हती. मला नानांचा असा राग आला की सांगता सोय नाही. ते मात्र म्हणाले, "त्याना खांदा मीच बसाडा. परत काढता भी येस."

आणि मग सावद्याहून केळ्यांचे एक व्यापारी आले. वडिलांना लकवा मारला होता. ते कुणाला हात लावू देत नव्हते. ठेवलेले दोन गडी त्यांनी शिव्या देऊन पळवले. पाठ सोलवटली होती, खाणं सुटत चाललं होतं. मुलाचे डोळे सांगताना भरून आले. नानांनी सहज विचारलं, "बापनं नाव काय?" त्याने सांगितलं, आणि नानांनी ते त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

सावद्याचे आबा! नानांच्या गोष्टी ऐकून पोरींना हे नाव पाठ होतं. खान्देशातल्या यात्रांच्या फडांत नाना आणि आबा वर्षानुवर्षे लढले होते, आणि कोणीही कोणाला कधी चीत केलं नव्हतं. "मी पोर देसू," नाना शेवटी म्हणाले. "सुजाता जाई. पन मी घरमा येवाव नही. वैर शे."

तरी सावद्याच्या एसटीत ते आमच्या आधी बसलेले. घरापाशी पोचल्यावर मात्र ओट्यावर ठाण मांडलं, ते हलेनात. मी आणि सुजाता आत गेलो. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सूनबाई सुजाताला न्याहाळत म्हणाल्या, "कोणाची गं तू?"

"बोदवडची. वडील रेल्वेत गँगमन आहेत."

"ते नव्हे. म्हणजे तुम्ही कोण?"

सुजाताने पदर खोचला. "बौद्ध आहोत आम्ही, ताई. आबांची पाठ बघायची आहे. हात कुठे धुऊ?"

सूनबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्यांनी मोरीकडे बोट केलं. बाहेरून, खिडकीतून, नानांचा आवाज आला, "आमना आखाडाम्हा आडनाव इचारतस नही! डाव इचारतस!"

तो आवाज ऐकताच भिंतीकडचं तोंड वळलं. शब्द जड येत होते, पण ओळखू येत होते. "धुडक्या? तू अजून मेला नाई?"

"तुनी आधी कसा मरसू? आयक, आबा! मनी पोर तुले उचलाले उनी शे. अंगम्हा दम व्हई तं उचलू देऊ नको!"

मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाच्या अंगाला कोणी हात लावू शकत नव्हतं, त्यालाच हा माणूस 'उचलू देऊ नको' म्हणत होता. पण आबा खवळले. धड असलेल्या डाव्या हाताने त्यांनी खाटेची कड घट्ट पकडली आणि चांगल्या पायाने जोर लावला. सुजाताने वाद घातला नाही, गोड बोलली नाही. तिने गुडघा टेकला, खांद्याखाली हात घातला, त्यांचा जोर संपायची वाट पाहिली आणि अलगद त्यांना कुशीवर घेतलं. पाठ मोकळी झाली. जखम पाहून मुलगा मागे सरला. आबा शिव्यांची लाखोली वाहत होते आणि बाहेर ओट्यावर नाना शड्डू ठोकत होते.

तेव्हापासून रोज दिवसभर हीच कुस्ती. सुजाता त्यांच्याच घरी राहिली. ती उठवायला जायची, आबा अडवायचे, आणि त्या अडवण्यातच त्यांचा हात-पाय कामाला लागायचा. ज्याला मी व्यायाम म्हटलं असतं तर त्यांनी पेला फेकून मारला असता, तो ते ईर्ष्येने करत होते. जखम भरू लागली. फैजपूरच्या एका घरातून दुसऱ्या पोरीला बोलावणं आलं, मग तिसरीला. दिवाळी आली आणि गेली. क्लास बंद करायची भाषा पुन्हा कोणी काढली नाही.

मी दर गुरुवारी जखम बघायला जायचे. नाना बरोबर असायचेच आणि ओट्यावरच बसायचे. आतून आबांची शिवी ऐकू आली की विचारत, "शिस्टरबाई, आज लांब व्हती ना?" शिवी जितकी लांब तितकी तब्येत बरी, हा त्यांचा हिशेब. ती ऐकून चहा प्यायचे आणि उठायचे. मला हा सगळा हट्टीपणा वाटायचा. साठी उलटलेली माणसं, आणि म्हणे वैर!

एका गुरुवारी आबांना ताप होता. घर शांत होतं. मी बाहेर आले तर नानांचा चहा खिडकीखालच्या ओट्यावर गार झालेला, वर साय धरलेली. मी चिडून म्हटलं, "नाना, तो माणूस आत आजारी पडलाय. एवढं कसलं वैर हो? एकदा आत जाऊन भेटा ना."

नाना समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वैर कसानं, शिस्टरबाई. मनासंगे लढेल बठ्ठा गयात. यो एकला उरना. यो गया तं मी पैलवान व्हतू हे कोन सांगी?" गार चहाचा कप बाजूला सारत म्हणाले, "जलमभर त्याले पाडाकरता झटनू. आते त्याले पडेल मनाघाई देखावत नही."

 येताना एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला त्या आडदांड माणसाचा हात धरावासा वाटत होता. धरला नाही. आमच्या वयात लोक बघतात.

ताप उतरला. महिन्याभराने आम्ही गेलो तेव्हा नाना नेहमीप्रमाणे ओट्यावर टेकले. मी आत गेले तर खाट रिकामी. आबा खिडकीपाशी खुर्चीत होते, ताठ, दाढी केलेली, डोक्यावर धुतलेली टोपी. सुजाता मागे उभी होती, खुर्चीला हात न लावता. मी काही बोलणार तोच आबांनी खिडकीच्या गजांतून बाहेर हाक मारली.

"धुडक्या, मी बसेल आहे. ये आता."

 मग खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसत नाना दारात आले. वहाणा काढल्या. आखाड्यात उतरताना पैलवान मातीला लावतात तसा त्यांनी वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि ते आत गेले.