साखरबाई आणि मधली खिडकी

"माझ्या हातून आजवर एकही प्रकरण कोर्टात परत गेलेलं नाही," मध्यस्थबाई समोरच्या जोडप्याला सांगत होत्या. मान नेहमीसारखी ताठ. घटस्फोट आणि मुलांचा ताबा या भांडणांत तडजोड घडवण्यात त्यांचा हातखंडा होता. पद्धत साधी. नवरा एका खोलीत, बायको शेजारच्या, आणि बाई बोळातून निरोप इकडून तिकडे नेणार. निघताना निरोप कितीही कडू असो, पोहोचेपर्यंत गोड व्हायचा. कचेरीत त्यांना पाठीमागे साखरबाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनापासून आवडतही होतं.

घोळ आदल्या दिवशी झाला होता. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत फायली सरकवायची एक खिडकी होती. तिची काच कुणा नवरोबाने पेपरवेट फेकून फोडली. (तडजोड तरीही झालीच, हे बाई आवर्जून सांगत.) त्या जागी बाईंनी स्वतः मोठं कॅलेंडर टांगलं आणि शिपायाला विचारलं, "दिसतंय का काही पलीकडचं?" काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ऐकू किती येतं, हे पाहायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आजचा नवरा बसचालक, बायको नर्स. दोघं आधीच वेगळ्या घरांत राहत होते, घटस्फोटालाही राजी होते. गाडी अडली होती सात वर्षांच्या लेकीपाशी, चिमणीपाशी. ती दोघांनाही हवी होती. आज जमलं नाही, तर उद्या न्यायाधीश तिलाच विचारणार, आई की बाबा? तेवढं मात्र दोघांनाही नको होतं. चिमणी बाहेर बाकावर आजीशेजारी पाय हलवत बसली होती.

बाई आधी नर्सकडे गेल्या.

"त्या माणसाला विचारा, पोरीची वेणी घालता येते का? शाळेत पोचेपर्यंत नुसत्या झिपऱ्या! आणि जेवायला बिस्किटं!"

बाई बोळातून पलीकडे आल्या. "त्या म्हणतात, तुम्ही सगळं हौसेने करता. थोडा सराव हवा, इतकंच."

चालकाने आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"असं म्हणाली?"

"अगदी असंच."

"बरं. मग तिला सांगा, तिची आई घरात शिरली की दूध नासतं."

बाई पुन्हा नर्ससमोर. "ते म्हणतात, आजींचा घरात चांगला दरारा आहे."

नर्सने घाईघाईने तोंडावर रुमाल धरला. "हो का? मग म्हणावं, तुझ्या घोरण्याने शेजाऱ्यांनी घर बदललं!"

"त्या म्हणतात, तुमची झोप गाढ आहे."

कॅलेंडरमागून खुदकन हसू आलं. जमतंय! बाईंची छाती अभिमानाने फुगली. परत आल्या, तर नर्स हसत नव्हती. बाईंकडे बघतही नव्हती. ती कॅलेंडरशी बोलत होती.

"मला भीती वाटते रे. माझ्या रात्रपाळ्या. तिला तुझ्याकडेच करमायला लागलं, तर मी तिला परकी होईन."

"मी सांगते त्यांना," बाई लगबगीने वळल्या, "की तुम्ही जरा..."

"काही सांगू नका!" भिंत म्हणाली. कॅलेंडर धपकन खाली पडलं आणि खिडकीतून चालकाचं डोकं बाहेर आलं. "पहिल्यापासून ऐकतोय मी. परकी कशी होशील, वेडे? पण एक सांग, मी चिडून काही बोललो की चिमणी तुला येऊन काय सांगते?"

"'बाबा म्हणाले, आई फार दमते.'"

"छे! मी म्हणालो होतो, सदा तिरसटलेली असते. आणि मला ती सांगते, आईला तुमची आठवण येते."

"मला? अरे, मी म्हणाले होते, ब्याद टळली!"

दोघांनी एकदम बाईंकडे पाहिलं.

"म्हणजे दोन्ही घरांत पोरगी हेच काम करतेय," चालक हळूच म्हणाला.

"इतकीशी पोर," नर्स म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

पुढचं सगळं त्या खिडकीतूनच ठरलं. आईची रात्रपाळी असेल तेव्हा चिमणी बाबांकडे, एरवी आईकडे, आणि निरोप पोचवणं कायमचं बंद. बाईंना कुणी एक शब्द विचारला नाही. आधी त्यांना वाईट वाटलं. मग वाटलं, आपण जे कसब उभ्या आयुष्यात कमावलं, ते या पोरीला कुणी न शिकवता आलं होतं. वाहवा!

चिमणीला आत बोलावलं. पाठोपाठ आजीही आली, दरारा घेऊन.

"चिमणे," आई म्हणाली, "आजपासून आमचं आम्ही बोलणार. तू फक्त तुझं सांगायचं. खरं खरं."

"दोघांसमोर?"

"दोघांसमोर," बाबा म्हणाले.

चिमणीने बराच विचार केला.

"बाबांची वेणी सुटते," ती म्हणाली, "आणि आईची दुखते."

'दोघंही छान घालतात, असं म्हणायचंय तिला,' हे वाक्य साखरबाईंच्या अगदी ओठावर आलं. त्यांनी ते गिळलं आणि मान ताठ केली.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं, बरं का!"