फोटो आधी, बेदाणा मागून

तासगावच्या आमच्या बेदाणा कारखान्यात चाचणीला आणलेली तिसरी केबल, घडायच्या आधीच गोष्टींचे फोटो आणत होती. बाकी तिच्यात काही दोष नव्हता.

आमच्याकडे पट्ट्यावरून बेदाणे धावतात, वरून कॅमेरा फोटो काढतो, कॉम्प्युटर खराब बेदाणा हेरतो आणि हवेचा झोत त्याला उडवून लावतो. कॅमेरा नवा घेतला होता. फोटो कॉम्प्युटरपर्यंत कोणत्या केबलने न्यायचे, एवढंच ठरायचं होतं. मालक अण्णा शिंत्रे यांनी ती तुलना माझ्यावर, म्हणजे सुपरवायझरवर सोपवली.

पहिली केबल इथरनेटची. स्वस्त, शंभर मीटर जाणारी, कॅमेऱ्याला वीजही तीच पुरवणारी. अण्णा तिच्यावर खूश होते, कारण कॉम्प्युटर आणि तो चालवणारी वैजयंता, दोघंही थंड ऑफिसात राहिली असती. पण फोटो रेंगाळत यायचा. तोवर खराब बेदाणा पेटीत जाऊन बसायचा आणि झोत भलत्यालाच लागायचा.

दुसरी यूएसबीची. फोटो अगदी वेळेवर. पण लांबी जेमतेम पाच मीटर, म्हणजे कॉम्प्युटर पट्ट्याशेजारी, गोंगाटात मांडावा लागणार.

"मला चालंल की," वैजयंता म्हणाली. "आवाजाची सवय हुते."

पट्ट्याशेजारी फिटर हणमंत असतो. त्याचा वैजयंतावर जीव आहे हे बेदाण्यांनाही ठाऊक होतं, पण गड्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिकडे रविवारी पुण्याचं स्थळ तिला बघायला येणार होतं. मला हणमंताचा खरंच राग यायचा.

तिसरी केबल जाडजूड, टीव्हीच्या केबलच्या जातीची, कॉम्प्युटरात वेगळं कार्ड मागणारी. बेदाणा यायच्या आधीच त्याचा फोटो हजर. सकाळी ती क्षणभरच पुढे होती, जेवणाच्या सुट्टीपर्यंत संध्याकाळचा माल दाखवू लागली. आम्ही तक्रार केली.

"वेगाचं आम्ही आधीच सांगितलं होतं," विक्रेता म्हणाला. ते खरं होतं.

शनिवारी पडद्यावर बेदाण्यांच्या जागी एक हात आला. मनगटात हिरवा चुडा, बोटांना हळद, अंगठ्यावर भाजल्याचा डाग. त्या हातात दुसरा हात, त्याचं एक नख रोलरखाली सापडून कायमचं वाकडं झालेलं. हिरवा बेदाणा सगळ्यात भारी, म्हणून मशीनने हिरवा रंग बघितला आणि दोन्ही हात पहिल्या प्रतीत टाकले.

वैजयंताने आपला अंगठा पाहिला आणि ओठ दाबून हसली. अण्णांनी हणमंताला बोलावून घेतलं.

"नख दाखव. हे तुझंच का?"

"माझंच हाय, अण्णा."

"मग हे झालं कधी?"

"अजून झालं न्हाई."

"मग कर की! फोटो आलाय आन् मालाचा पत्ता न्हाई, हे माझ्या कारखान्यात चालायचं न्हाई."

हणमंत कानापर्यंत लाल झाला. "तुमची हरकत नसंल तर..." तो वैजयंताकडे बघत म्हणाला.

"आता हरकत घिऊन काय उपेग? माल पहिल्या प्रतीत गेलाय," ती म्हणाली. "पुण्याच्या पावण्यांना येऊ नका म्हणून कळवते."

मला इतका आनंद झाला की मी भोंगा वाजवला. लोक जेवायला निघून गेले.

लग्न कारखान्यातच लागलं, कारण फोटोत पट्टा होता. काही जणांनी अक्षता म्हणून बेदाणे उचलले होते, ते अण्णांनी परत ठेवायला लावले. नवरानवरीने पट्ट्यावर हातात हात घेतला. मी फोटोशी ताडून पाहिलं. डाग, नख, चुडा, सगळं जिथल्या तिथे होतं.

अण्णांनी यूएसबी पसंत केली. वैजयंताचं टेबल पट्ट्याशेजारी आलं. विक्रेता जाड केबल काढायला वाकला, तेवढ्यात तिच्यातून शेवटचा फोटो आला. बेदाण्यांत एक इवलीशी मूठ, मनगटाला काळे मणी, आणि मुठीत आमचाच एक हिरवा बेदाणा. मशीनने पहिली प्रत दिली.

वैजयंताने पटकन पडद्यावर पदर धरला. "ह्ये आमच्या येळंनं यील," ती म्हणाली.

"यीऊ दे सावकाश," अण्णा म्हणाले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "तेवढा एक चांगला हिरवा बघून काढून ठेवा."

मी काढून ठेवलाय.