विसावा विभागाचे सेक्रेटरी

देवावर भार टाकून निवांत बसणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. त्याला निदान पाच जणांची कमिटी, एक तडफदार सेक्रेटरी, चार सतरंज्या आणि चालू स्थितीतला लाउडस्पीकर लागतो. एवढी तयारी नसताना जे लोक परस्पर देवावर भरवसा ठेवून मोकळे होतात, त्यांना आमच्या मंडळीत आळशी म्हणतात.

आमची मंडळी म्हणजे दौंड-शिरूर संयुक्त ख्रिस्ती मंडळी. दोन गावे, दोन चर्च, एक पाळक आणि पाळकांची एक मोटारसायकल. (रविवारी सकाळी ती सुरू झाली तर पहिली उपासना शिरूरला, नाही झाली तर दौंडला. याला आम्ही देवाची योजना म्हणतो.) कुटुंबे चाळीस आणि कमिट्या सतरा. एवढे दाट प्रमाण जिल्ह्यात दुसरीकडे कुठेही नाही, असे आमच्या आकडेवारी उपसमितीचे म्हणणे आहे. ती उपसमिती या सतरांत धरलेली नाही.

सतरापैकी चौदांचे सेक्रेटरी साहेबराव. नोकरी दौंड स्टेशनात, पार्सल ऑफिसमध्ये. पण ती त्यांनी सेवेच्या आड कधी येऊ दिली नाही. संडे स्कूल उघडायचे साहेबरावांनी, आजाऱ्यांना भेटायचे साहेबरावांनी, सुगीच्या सणात देवाला वाहिलेल्या भाजीपाल्याचा लिलाव पुकारायचा साहेबरावांनी आणि कोणीच बोली न लावलेला भोपळा घरी न्यायचा तोही साहेबरावांनीच. घरोघरच्या प्रार्थनेत सगळे दोन्ही डोळे मिटत. साहेबराव एकच मिटत. दुसऱ्याने ते चहाच्या कपांवर लक्ष ठेवत. असा माणूस मंडळीला लाभायला पूर्वपुण्याई लागते, असे मी म्हणालो असतो, पण आमच्यात ती चालत नाही.

शेवटी त्यांचे बीपी वाढले. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या, नाहीतर कायमचीच मिळेल. साहेबरावांनी तो निरोप पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत ‘इतर विषय’ या सदराखाली घातला. त्यांच्या पत्नी भागुबाई मात्र तडक पाळकसाहेबांच्या दारात गेल्या.

“सायेब, देवाच्या कामाला ह्यांच्या तोंडातनं न्हाई निघत न्हाई, म्हून म्या तुमच्याकडं आले,” त्या म्हणाल्या. “मला दुसरं काय नगं. आठवड्यातनं एक सांज ह्यांनी घरी बसून गरम भाकर खावी, एवढं बघा. डॉक्टर भ्या घालत्यात. मला माझा माणूस जिता पायजे.”

पाळकसाहेब गलबलले. त्या रविवारी त्यांनी विश्रांतीवर असे काही प्रवचन केले की, ते संपण्याआधीच अर्धी मंडळी विश्रांती घेऊ लागली होती. देव जागा असताना माणसाने उगाच का जागावे, हा त्यांचा मुद्दा सर्वांना इतका पटला की, साहेबरावांना मनःशांती मिळावी म्हणून तिथल्या तिथे ‘शांती महोत्सव’ घेण्याचे एकमताने ठरले. संयोजक साहेबराव. ज्याच्यासाठी महोत्सव, त्यालाच बाजूला ठेवणे बरे दिसले नसते.

त्यानंतर साहेबरावांनी शांतीसाठी जी धावपळ केली, तिला तोड नाही. मांडव, सतरंज्या, पोलिसांची परवानगी, महिला मंडळाकडे पुरी-भाजी. पुण्याचे एक मोठे वक्ते मिळवायचे होते. ते ‘देवाच्या ठायी निवांतपणा’ या विषयावर महिन्याला पंचवीस भाषणे देत, त्यामुळे त्यांना श्वास घ्यायलाही सवड नसे. एस.टी.डी. बूथवर खेटे घालून साहेबरावांनी त्यांच्याकडून एक दुपार पदरात पाडून घेतली.

महोत्सवाच्या दिवशी साहेबराव हार घेऊन पुण्याच्या शटलची वाट बघत स्टेशनवर उभे राहिले. शटल लेट होती. ते बाकड्यावर टेकले आणि त्यांचा डोळा लागला.

पुढचा प्रकार नंतर चौकशीत उघड झाला. शटल आली, वक्ते उतरले. हार घेऊन झोपलेला माणूस आपल्याच स्वागताला आलेला असणार हे त्यांनी ओळखले. उठवणे बरे दिसेना, म्हणून ते शेजारी बसले. बसल्याबसल्या त्यांचाही डोळा लागला. दौंड जंक्शनवर त्यानंतर कितीतरी गाड्या आल्या-गेल्या. इंजिने बदलली, चहावाले ओरडून दमले. दोघे एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकून झोपले होते आणि हार दोघांच्या मांडीवर होता.

इकडे दौंडच्या चर्चमध्ये वक्ता नाही, संयोजक नाही. कोणी काय करायचे ते सगळे साहेबरावांच्या डोक्यात, त्यामुळे कोणीच काही केले नाही. लाउडस्पीकर गप्प होता. लोक नुसते बसून राहिले. खिडकीतून वारा येत होता, पोरे आयांच्या मांडीवर पेंगली. गेल्या सुगीपासून एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन बाया कुजबुजू लागल्या. कोणीतरी हळूच प्रार्थना केली, तीही चक्क छोटी. मी स्वतः तिथे होतो आणि मला इतके बरे वाटले की, काहीतरी चुकते आहे हे मी तेव्हाच ओळखले.

लगेच आढावा मीटिंग झाली. महोत्सव न होताच शांती मिळाली, ही बाब गंभीर होती. उद्या लोक कमिटीशिवायच शांत राहू लागले तर मंडळीने करायचे काय? साहेबरावांना खुलासा विचारण्यात आला.

“तसं इशेष काय न्हाई,” साहेबराव ओशाळून म्हणाले. “पाय दुखाय लागले, तवा टेकलो. मनात म्हनलं, देवा, माझ्याच्यानं आता हुईना, तुझं काम तूच बघ. आन् डोळा लागला.”

महेंद्र एकदम उठून उभा राहिला. महेंद्र शिरूरचा तरुण सभासद, रांजणगावला एका कंपनीत सुपरवायझर. “मामा, ही प्रोसेस लई भारी हाय,” तो म्हणाला. “पण एकदाच हून भागत न्हाई. रिपीट झाली पायजे.”

तेव्हा ‘विसावा विभाग’ स्थापन झाला. सेक्रेटरी साहेबराव. (अनुभवी माणूस दुसरा कोण होता?) पहिले प्रात्यक्षिक शिरूरच्या चर्चमध्ये ठेवले. बाकडे आणले, साहेबरावांच्या हातात हार दिला आणि अस्सलपणात कसर राहू नये म्हणून तरुण संघाने मागे बसून इंजिनाचा आवाज काढला. समोर सगळी मंडळी साहेबरावांनी देवावर भरवसा ठेवण्याची वाट पाहत बसली.

“लागली का झोप, मामा?” महेंद्र मधून मधून वाकून विचारी.

“न्हाई बाबा,” साहेबराव घाम पुसत म्हणत.

अहवालात ‘विश्वास अपुरा पडला’ असा शेरा आला. सुधारणेसाठी वडगाव रासाई आणि रांजणगाव येथे आणखी प्रात्यक्षिके ठरली. साहेबरावांचे बीपी त्या आठवड्यात असे चढले की, डॉक्टरांनी यंत्र बिघडले असेल म्हणून दुसरे लावून पाहिले.

त्या रविवारी साहेबराव प्रात्यक्षिकांच्या सूचना वाचायला उभे राहिले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने भागुबाई उठल्या आणि पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला कागद काढून घेतला.

“ह्यांनी देवाला म्हनलं, तुझं काम तू बघ,” त्या म्हणाल्या. “देवानं बघितलंबी. पर तुमाला ते सोसलं न्हाई. आता ह्यो कागद तुमचा आन् ह्यो माणूस माझा.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “चला वो घरी.”

आणि साहेबराव गेले. कोणाची परवानगी न घेता, आशीर्वादाच्या आधी, चपला पायात सरकवून गेले.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. “आता साहेबरावांच्या जागी ही सेवा कोण हाती घेईल?” त्यांनी विचारले. सांगायला अभिमान वाटतो की, त्या क्षणी चाळीसही कुटुंबांचा देवावर पूर्ण भरवसा होता: तो दुसऱ्या कोणाला तरी उभे करील.

हल्ली संध्याकाळी रेल्वे क्वार्टर्सवरून जाताना साहेबराव दारात बाजेवर बसलेले दिसतात. भागुबाई मेथी निवडत असतात. दोघे फारसे बोलत नाहीत. बीपी उतरले म्हणे. अशा लोकांचा मंडळीच्या वाढीला काडीचा उपयोग नाही, हे मी मीटिंगमध्ये ठासून सांगितले आहे. पण खरे सांगतो, तिथून जाताना मला त्यांचा हेवा वाटतो.

जागा अजून रिकामीच आहे आणि दुसरा शांती महोत्सव तोंडावर आला आहे. साहेबरावांची गोष्ट वाचून तुमचा जीव हळहळला, हे आम्हाला दिसले. एवढी तळमळ असलेला दुसरा माणूस आमच्या नजरेत नाही. तेव्हा ही सेवा तुम्हीच घ्यावी, अशी मंडळीची आग्रहाची विनंती आहे.

काय म्हणालात? प्रार्थना करून कळवता?

बरोबर. आम्ही सगळे अगदी हेच म्हणालो होतो.